सुटा कप

आमच्या अब्बांचं इंदापुरात काच-चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढं फळ्यांचं दार आणि आत छतापर्यंत रचलेला माल. त्याआधी बरीच वर्षं अब्बांची हातगाडी होती. इंदापूरचा आठवडे बाजार, निमगाव केतकीचा बाजार, चाँदशाहवली बाबांचा उरूस, कधी बारामती. जिथं माणसं जमतील तिथं अब्बा गाडी लावायचे. माल पुण्याच्या रविवार पेठेतून यायचा. खुर्जाचे कप, फिरोजाबादचे ग्लास, लोणच्याच्या बरण्या. सगळं भाताच्या पेंढ्यात बांधून, लाकडी खोक्यांतून.

आम्ही दोघी बहिणी. थोरली इंदापुरातच दिलेली. धाकटी बारामतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. हे लिखाण दोघींनी मिळून केलं आहे. 'आम्ही' म्हटलं की लोकांना वाटतं, यांचं सगळ्या बाबतीत एकमत असणार. तसं नाही. जिथं पटलं नाही तिथं तसं सांगू.

अब्बांची खरी कला विकण्यात नव्हती, रचण्यात होती. आपल्याकडं जुन्या घरांत उतरंड असायची. खाली मोठा रांजण, त्यावर डेरा, त्यावर मडकं, असं करत सगळ्यात वर एवढंसं बोळकं. अब्बा कप-बशांची उतरंड लावायचे. बशी उलटी, तिच्यावर कप, कपावर पुन्हा बशी. पुरुषभर उंचीचा तो मनोरा हातगाडीवर भर बाजारात उभा राहायचा. येणारा-जाणारा थांबायचाच. लहान पोरं तर तो कधी पडतोय याचीच वाट बघत उभी असायची. आमच्या आठवणीत तो बाजारात कधी पडला नाही.

त्याचे नियम अब्बांनी आम्हाला शिकवले होते. जड खाली, हलकं वर. कपांचे कान एकाच बाजूला आले तर भार तिकडं जातो, म्हणून एक कान पूर्वेला तर पुढचा पश्चिमेला. रचण्याआधी प्रत्येक कपाला नखानं टिचकी मारायची. धड कप खणकन वाजतो. तडा गेलेला कप, तडा डोळ्याला दिसत नसला तरी, बद्द वाजतो. अब्बा म्हणायचे, "आँखाँ झूट बोलते, कान नै बोलते."

गिऱ्हाइकाला मनोरा चारी बाजूंनी दिसावा म्हणून त्यांनी एक फिरकी करून घेतली होती. सायकलच्या मागच्या चाकाचा हब घेतला, तो एका जड पाटावर पक्का बसवला आणि सुताराकडून वर गोल फळी ठोकून घेतली. बोटानं नुसता धक्का दिला की फळी संथपणे फिरत राहायची. तिच्यावर मनोरा. बशांवरची फुलं फिरायची, कपांचे कान फिरायचे. आमच्या लहानपणी टीव्ही नव्हता, पण फिरकी होती.

आता सुट्या कपाबद्दल. कप डझनावर विकले जायचे. पण खेड्यावरचं गिऱ्हाईक डझन बांधून झालं की हमखास म्हणायचं, "वर एक सुटा द्या. कान नसला तरी चालंल." अब्बांकडं अशा कपांची वेगळी टोपली होती. कान उडालेले, कडेला टवका गेलेले, रंग चुकलेले कप त्यात असायचे. थोरलीनं एकदा विचारलं, हा एक कप कशाला घेतात? अब्बा म्हणाले, "वो बाहर रखने का है." एवढंच. कोणासाठी ते बोलले नाहीत. ते कळायला आम्हाला वेळ लागला नाही. थोरली शाळेत असताना एका मैत्रिणीच्या घरी गेली होती. मैत्रिणीला चहा बशीसकट आला आणि थोरलीला गोठ्याच्या कोनाड्यातला कप मिळाला. त्या कपाला कान नव्हता. बोटांना चटका बसत होता. कप विसळून परत कोनाड्यात ठेवायचं कामही तिचंच होतं. तो कप कदाचित आमच्याच टोपलीतला असेल.

हे सांगून आम्ही थांबलो असतो, तर वाचणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली असती आणि आम्हालाही बरं वाटलं असतं. पण गोष्ट तिथं थांबत नाही. आमच्याही घरात, मोरीच्या वरच्या कोनाड्यात, एक सुटा कप होता.

जान

धाकटीला चित्रांचा नाद पहिल्यापासून. खडू, कोळसा, वीट, हाताला येईल त्यानं ती रेघा ओढायची. एकदा तिनं दुकानाच्या फळीवर कोंबडी काढली. कोंबडी छान जमली होती. अब्बांनी बराच वेळ पाहिली, मग ओल्या फडक्यानं पुसली. रागावले नाहीत. म्हणाले, "फूल निकालो, बेल निकालो, मस्जिद निकालो. जानदार चीज नको."

कारण आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. सजीवाचं चित्र काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी 'आता यात जीव घाल' असं फर्मावलं जाईल आणि तो ते करू शकणार नाही, या अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. हजरत इब्ने अब्बास यांनी एका चित्रकाराला झाडं आणि निर्जीव वस्तू काढ असा सल्ला दिल्याची रिवायतही आहे. फोटो यात येतो की नाही, मुलांच्या पुस्तकातली चित्रं येतात की नाही, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. आमच्या अब्बांना त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं. जेवढं ठाऊक होतं तेवढं ते पाळायचे. गंमत म्हणजे दुकानात मोर, मांजरं, गुलाब हुंगणारी जोडपी असलेले कप भरलेले होते. धाकटीनं एकदा ते दाखवून दिलं. अब्बा हसले आणि म्हणाले, "वो कंपनी का गुनाह है. मैं तो खाली बेचता."

तरीही धाकटीनं चित्रकला शिक्षकाची पदविका करायची ठरवली तेव्हा फॉर्मवर सही अब्बांनीच केली. अम्मीचा विरोध होता, मोहल्ल्यात कुजबुज होती. अब्बांनी फक्त विचारलं, "फूल-पत्ते भी सिकाते ना वाँ?" शिकवतात, असं धाकटीनं सांगितलं. ते खरंच होतं. अर्धं खरं होतं.

२०१८च्या ऑगस्टमध्ये अब्बा गेले. दुकान त्याच्या दोन-तीन वर्षं आधीपासून जवळजवळ बंदच होतं. चहाच्या टपऱ्यांवर कागदी कप आले, लग्नकार्यांत थर्माकोल आणि प्लास्टिक आलं, घरांत मेलामाइन आणि न फुटणाऱ्या काचेची भांडी आली. पेंढ्यातला माल पेंढ्यातच राहिला. अम्मी इद्दतला बसली. चार महिने दहा दिवस. तिच्या सोबतीला थोरली रोज असायची. धाकटी शनिवारी शाळा सुटली की बारामतीहून एसटीनं यायची. भवानीनगर, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी असा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. दुकानाची खोली मालकाला परत द्यायची होती, म्हणून सगळी खोकी घरी आणली. त्यांच्याबरोबर फिरकीही घरी आली.

फिरकी

संध्याकाळी आम्ही खोकी उघडून माल मोजायचो. पेंढा झटकायचा, टिचकी मारायची, धड एकीकडं, बद्द दुसरीकडं. मोजता मोजता हात आपोआप रचू लागले. पहिला मनोरा केव्हा उभा राहिला ते आमच्या लक्षातही आलं नाही. धाकटीनं तो फिरकीवर ठेवला आणि धक्का दिला. अम्मी ओसरीवरून बघत होती. काही बोलली नाही, पण नजर हटवली नाही.

धाकटी शाळेत मुलांना एक खेळ करून दाखवते. पुठ्ठ्याच्या चकतीवर कडेनं थोड्या थोड्या फरकानं चित्रं काढायची, चकती फिरवायची आणि फटीतून आरशात पाहायचं. चित्र हलताना दिसतं. १८३२मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी अशी चकती केली. दोन वर्षांनी इंग्लंडच्या हॉर्नर यांनी फिरणाऱ्या गोल डब्याच्या आत चित्रपट्टी लावली, त्याला पुढं झोएट्रोप नाव पडलं. फटीचं काम आता मोबाईलचा कॅमेराही करतो. इंग्लंडमधले जिम ल फेव्हर नावाचे कलावंत रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीवर थरावर थर रचून अशी हलती चित्रं करतात, हे तिनं पाहिलं होतं. तिच्या डोक्यात आलं, आपल्याकडं तर थर आयतेच आहेत.

हिशेब असा. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. फिरकीची एक फेरी १.८ सेकंदांत झाली, तर एका फेरीत बरोबर ४५ चित्रं होतात. म्हणून ताटलीच्या कडेचे ४५ भाग करायचे. ३६० अंशांचे ४५ भाग म्हणजे प्रत्येकी आठ अंश. कोनमापक घेऊन आम्ही दोघी ताटल्यांवर खुणा करत बसलो. दहा इंची ताटलीवर दोन खुणांमध्ये पावणेदोन सेंटिमीटर जागा मिळते, सहा इंची बशीवर जेमतेम एक. कपावर काही काढायला जागाच उरत नाही, तिथं नुसत्या रेघा. पहिल्या खुणेवर कळी, दुसरीवर तीच कळी केसभर उघडलेली, असं करत तेविसावीवर पूर्ण फूल आणि पुढं पुन्हा मिटत मिटत कळी. रंग काचेवर लिहिण्याच्या मार्करचा. तो स्पिरिटनं पुसला जातो, माल खराब होत नाही. मोगरा, जास्वंद आणि मनोऱ्याच्या कडेनं चढणारी वेल. जानदार काहीच नाही.

पहिल्या रविवारी घरात ट्यूबलाइटखाली प्रयत्न केला. चित्रावर काळे पट्टेच पट्टे. ट्यूब आपल्या डोळ्यांना सलग वाटते, पण ती सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करत असते आणि कॅमेरा ते पकडतो. शिवाय उजेड कमी, म्हणून फुलं फराटल्यासारखी. पुढच्या रविवारी दुपारी मनोरा अंगणात भर उन्हात आणला आणि कॅमेऱ्याचा पडदा जितका झटपट उघडमीट करता येईल तितका केला.

तेव्हा जे दिसलं ते सांगायला हवं. उघड्या डोळ्यांनी फक्त भिरभिर, रंगांचे पट्टे. मोबाईलच्या काचेत मात्र आधी सगळी फुलं एका बाजूला पळत होती, कारण धक्का जोरात बसला होता. फिरकीचा वेग कमी होत गेला तशी त्यांची पळ मंदावली. मग एका क्षणी ती जागच्या जागी थांबली आणि उमलू लागली. सगळी एकदम नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उमलण्याची लाट जावी तशी. दोन-तीन सेकंद. मग वेग आणखी उतरला आणि फुलं उलट्या बाजूला पळू लागली.

फिरकीला मोटर लावली असती तर फुलं हवा तेवढा वेळ उमलत राहिली असती. आम्ही तो विचार केला आणि सोडून दिला. अब्बांची फिरकी बोटाच्या धक्क्यावर चालायची. त्या दोन-तीन सेकंदांसाठी आम्ही पुन्हा पुन्हा धक्का देत राहिलो.

तिसऱ्या रविवारी धक्का जास्त झाला. वरच्या दोन बशा सुटल्या आणि भिंतीवर आदळल्या. त्यातली एक अम्मीच्या जहेजातल्या सहांपैकी होती. माल मोजताना ती आमच्याच हातून मिसळली होती. आम्ही गप्प उभ्या. अम्मी आली, तुकडे उचलले आणि म्हणाली, "टूटने दे. बरतन टूटने के वास्तेच रहते. तुमारे अब्बा के हात से एक बी नै टूटा, इसका च मेरेकू ताज्जुब था."

त्याच दिवशी खाला आली होती. तिचं म्हणणं वेगळं होतं. "मय्यत का घर है. इद्दत में औरत बैठी है. और ये क्या खेल मांड्या तुम लोगाँ?" आणि मग मुद्द्यावर आली, "इसमें जान डालते क्या तुम?"

खाला काही चुकीचं बोलली नव्हती. 'अॅनिमेशन' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थच श्वास, जीव, रूह. त्या रात्री घरात मोठी चर्चा झाली. थोरलीचे मिस्टर, शेजारचे हाफिजजी, खाला, सगळे. फूल निर्जीव की सजीव? झाडांना मुभा आहे, मग उमलणाऱ्या झाडाला का नाही? चित्र हलतं म्हणजे त्यात जीव आला, की आपला डोळा फसला? हाफिजजी तरुण आहेत, समजूतदार आहेत. ते म्हणाले, "फूल में हर्ज नै. नीयत देखो."

धाकटीला मात्र पुढं जायचं होतं. तिनं मोबाईलवर एका प्याल्याचं चित्र दाखवलं. इराणच्या सिस्तान भागात शहर-ए-सोख्ता, म्हणजे जळालेलं शहर, या नावाची फार जुनी वस्ती आहे. १९७०च्या दशकात इटलीचे पुरातत्त्वज्ञ तिथं खोदकाम करत असताना एका कबरीत मातीचा प्याला मिळाला. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या भोवती पाच चित्रं आहेत. बकरी झाडाकडं येते, उडी घेते आणि पाला खाते. प्याला फिरवला तर बकरीची उडी पुरी होते. "म्हणजे हलत्या चित्रांचा खेळ भांड्यावरच सुरू झाला," धाकटी म्हणाली. तिला ४५ बकऱ्या काढायच्या होत्या. थोरली म्हणाली, अब्बांच्या फिरकीवर नाही. यावर आमचं एकमत झालं नाही. आजही नाही.

चढण

बकरी नाही, तर मग काय? कपच चालवू या, असं ठरलं. चित्र काढायचंच नाही. वस्तू थोडी सरकवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा थोडी सरकवायची, पुन्हा फोटो. हे काम आपल्या मराठी मुलखाला नवं नाही. १९१२मध्ये दादासाहेब फाळके यांना सिनेमा काढायला भांडवल हवं होतं. कॅमेरा काय करू शकतो हे दाखवायला त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर त्याच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण केले. मिनिटभरात अंकुर फुटतो आणि वेल वाढते, ही 'अंकुराची वाढ'. ती पाहून त्यांना कर्ज मिळालं आणि १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढं त्यांनी 'आगकाड्यांची मौज'मध्ये साध्या काड्या सरकवून त्यांचे आकार नाचवले. भांड्यांचंही नवल नाही. अमेरिकेत स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी १९०७मध्ये भुताटकीच्या हॉटेलाची फिल्म केली, त्यात सुरी आपोआप पाव कापते आणि चहा आपोआप ओतला जातो.

आम्ही गोष्ट साधी ठरवली. बारा कपांचा मनोरा उभा आहे. खाली जमिनीवर एक सुटा कप आहे. तो वर चढतो.

सुटा कप हवा म्हणून थोरलीनं मोरीच्या कोनाड्यातला काढून आणला. पांढरा, निळी कड, कान उडालेला. बरीच वर्षं तो तिथंच होता, त्यात राख आणि नारळाची शेंडी ठेवलेली असायची. तिनं तो घासून आणला. आम्ही दोघींनीही तेव्हा फारसा विचार केला नाही.

सेकंदाला १२ फोटो. वीस सेकंदांना २४०. कपाला हवेत चढवता येत नाही, म्हणून बशांच्या पायऱ्या केल्या. पहिली एका बशीची, दुसरी दोन बशांची, तिसरी तीनची, अशा बारापर्यंत. त्या पायऱ्या थेट मनोऱ्यापर्यंत नेल्या. कप पायरीशी येतो, थांबतो, एका बाजूला कलतो, कडेवर टेकतो, वर येतो. कलता ठेवायला खाली कणकेचा छोटा गोळा लावायचा, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूनं, म्हणजे दिसत नाही. मोबाईलच्या अॅपमध्ये आधीच्या फोटोची पुसट सावली दिसते, त्यावरून कप किती सरकवायचा ते कळतं. काही गोष्टी आम्ही चुकत चुकत शिकलो. मोबाईल उजेडाप्रमाणं आपोआप चित्र उजळ-गडद करतो, ते बंद करून ठेवावं लागतं, नाहीतर फिल्म लुकलुकते. फोटो घेताना अंगावरची ओढणी आवरून धरायची, तिची सावली पडते. कणीक रात्रीतून वाळते आणि कप घसरतो. आणि कणकेला मुंग्या लागतात. पहिल्या रात्रीच्या फोटोंत कपाच्या पायाशी मुंग्यांची रांग आली आहे. तेवढे जानदार आमच्या फिल्ममध्ये आहेत, पण ते आम्ही काढलेले नाहीत.

नोव्हेंबर लागला होता. कारखाने सुरू झाले होते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं जायला लागले की घराची जमीन हलायची. ट्रॅक्टर यायचा आवाज ऐकू आला की आम्ही हात वर करून थांबायचो. कप किणकिणायचे. ट्रॅक्टर गेला की सगळं पुन्हा तपासायचं. दोनदा मनोरा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा १६० फोटो झाले होते. कपांची जागा इंचभरही बदलली तर फिल्ममध्ये झटका बसतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. इशाची नमाज झाली की सुरू करायचं आणि अम्मी फजरला उठली की आवरायचं. शनिवार-रविवार असे चार आठवडे गेले.

फिल्म झाली तेव्हा ती अम्मीला दाखवली. वीस सेकंद. सुटा कप येतो, अडखळतो, एक पायरी चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. शेवटी सगळ्यात वर जाऊन बसतो. मनोरा किंचित डुलतो आणि स्थिर होतो.

अम्मीनं ती दोनदा पाहिली. आम्हाला वाटलं, ती अब्बांना आठवून रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "ये तो उसका कप है."

आमच्या गल्लीत रोज झाडायला, गटार काढायला एक बाई यायच्या. आमच्या लहानपणापासून. दुपारी त्या मोरीच्या बाहेर पायरीवर बसायच्या. अम्मी चहा देताना कप वरून धरून ओतायची. कप त्यांनीच विसळून कोनाड्यात ठेवायचा. ईदला त्यांना शीरखुर्मा मिळायचा, तो याच कपात. त्या वारल्या त्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. त्यांचा कप कोनाड्यातून कोणी हलवला नव्हता.

अम्मी पुढं म्हणाली, "उसकू मैं कबी अंदर बिठाई नै. तुमारे अब्बा एक बार बोले थे. मैं नै मानी."

अब्बा असं बोलले होते हे आम्हाला माहीत नव्हतं. ते फक्त एकदाच का बोलले, हेही आता विचारता येत नाही. ज्यांनी विकलेले सुटे कप दुसऱ्यांच्या कोनाड्यात आमच्यासाठी होते, त्यांच्याच घरातला एक कप आमच्या कोनाड्यात दुसऱ्या कोणासाठी होता. मशिदीत एका सफेत उभं राहण्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. पण मशिदीतून घरी आलो की मोरीपाशी उतरंड सुरू होते. चिनीमातीच्या कपात जीव घालणं गुनाह आहे की नाही, यावर आमच्या घरात मध्यरात्रीपर्यंत खल झाला. त्या जित्याजागत्या बाईचा कप बाहेर का, यावर इतक्या वर्षांत एक रात्रसुद्धा खल झाला नव्हता. त्या चर्चेला आलेल्यांपैकी बहुतेकांच्या मोरीवर एक कोनाडा होता. आमच्यापैकी दोघींनीही, शिकल्यासवरल्यावर, एकदाही तो कप उचलून मांडणीत ठेवला नव्हता. राख ठेवायला मात्र तो वापरला.

फिल्ममध्ये कप वीस सेकंदांत वर पोहोचला. त्याला आम्ही चढवला, तो स्वतः चढला नव्हता. हे आम्ही शाळेत फिल्म दाखवताना मुलांना सांगतो. एका मुलानं विचारलं, "मॅडम, कप वर गेला, पण कान अजून नाहीच की." बरोबर आहे. टाळ्या वाजवणाऱ्या मोठ्यांपैकी हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

डिसेंबरात अम्मीची इद्दत संपली. उरलेला माल काही नातेवाइकांत वाटला, काही भंगारात गेला. फिरकी बारामतीच्या शाळेत आहे. तिथं मुलांनी एका ताटलीवर ४५ बकऱ्या काढल्या आहेत, त्या छान उड्या मारतात. थोरलीनं त्या पाहिल्या. "बच्चों की है, ठीक है," एवढंच म्हणाली. बकरीला पान देणारी वेल मात्र तिनंच काढून दिली.

बारा कप आणि तो सुटा इंदापूरच्या घरात मांडणीवर आहेत. कोनाडा अम्मीनं सिमेंटनं बुजवून घेतला. आम्ही दोघी एकत्र असलो की चहा गाळताना तो कप आमच्यापैकी एकीला येतो. धरायला कान नाही. ओढणीच्या टोकात धरावा लागतो, तरी चटका बसतो. बदलून दुसरा घे, असं आम्ही एकमेकींना म्हणत नाही.